लाल पुंगळी

म्हसावद. मंगळवार, दिवेलागण.

बंदुकीत काहीच बिघाड नाही.

दुपारी बांधाआड जाऊन तीन बार काढले. दरवेळी नळीखालचा सरकता दस्ता, म्हणजे पंप, मागे ओढला की रिकाम्या काडतुसाची लाल पुंगळी टणकन बाहेर. स्प्रिंग ठीक, पुंगळीची कड धरणारा आकडाही ठीक. मग शनिवारी काय झालं?

शनिवारी केळीत रानडुक्कर शिरलं. मी पहिला बार हवेत काढला. ते पळायचं सोडून आमच्या सालदारावर, रामसिंगवर धावलं. दुसरा बार निघालाच नाही. लाल पुंगळी अर्धी बाहेर, अर्धी आत अडकली, आणि डुकरानं त्याची मांडी फाडली.

आज चौथा बार काढून मुद्दाम पंप अर्धाच ओढला आणि पुढे ढकलला. घाबरलेला माणूस ओढेल तसा. पुंगळी अडकली. तशीच.

दुकानदारानं बजावलं होतं, शेवटपर्यंत ओढायचा, रोज सराव करा. मी काय केलं? खुंटीला टांगली आणि पाहुण्यांना दाखवली.

आणि गावभर सांगत सुटलो, बंदुकीनं दगा दिला. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं? माहीत नाही. थोडंसं कळलं असावं.

आज सकाळी दवाखान्यात गेलो होतो. पाय वाचेल का, डॉक्टर सांगत नाहीत. रामसिंगच माझी समजूत घालत होता. माझा डावा हात धरून म्हणाला, "आप्पा, बंदूकच खराब शे, त्याले तुम्ही काय करशात?"

मी हो म्हणालो. उद्याच धुळ्याला दुरुस्तीला नेतो, असंही म्हणालो.

पंप मी त्याच हातानं ओढला होता.