छान आलेत फोटो

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदा हे सांगतो की माझी तब्येत ठीक आहे आणि नोकरीही शाबूत आहे. फोनवर सांगायचा चार वेळा प्रयत्न केला. पण तू म्हणतेस, बोल पटकन, गॅसवर दूध आहे, आणि मला गप्प बसायला तेवढं निमित्त पुरतं. कागदावर निदान तू मधे बोलणार नाहीस.

माझं काम नेमकं काय ते तुला कधी धड कळलं नाही. तू सगळ्यांना सांगतेस, आमचा ठोंब्या कॉम्प्युटर दुरुस्त करतो. खरं म्हणजे मी कंपनीतल्या लोकांच्या ईमेलच्या तक्रारी सोडवतो. आणि त्यात सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार म्हणजे मेलमधला फोटो दिसत नाही. फोटोच्या जागी रिकामी चौकट आणि कोपऱ्यात लाल फुली. मग मी एकेक विचारत जातो. चित्रं अडवून धरणारी सेटिंग चालू आहे का? वर 'चित्रे दाखवा' असं काही येतंय का? दुसऱ्या मशीनवर उघडून बघितलंत का? तेवढ्यानं भागलं नाही तर पाठवणाऱ्यालाच फोन लावतो, कारण पुष्कळदा घोळ त्याच्या बाजूला असतो. फोटो मेलमध्ये गेलेलाच नसतो. तो त्याच्या कॉम्प्युटरवर कुठे ठेवलाय, एवढा पत्ता फक्त गेलेला असतो. त्याच्या स्वतःच्या पडद्यावर सगळं व्यवस्थित दिसतं, त्यामुळे त्याला शंकाही येत नाही. खरेदी विभागातल्या एका बाईंना मी हे तीनदा समजावलं, आवाज न चढवता. त्यांनी माझ्या साहेबांकडे माझं कौतुक केलं, की इतका धीराचा माणूस बघितला नाही.

आई गेल्यावर मी माझा जुना कॉम्प्युटर बाबांकडे नेऊन ठेवला आणि तू कॅमेरा दिलास, ते आठवत असेल. मी दोन तास बसून त्यांना मेल करायला शिकवलं, आणि घाईघाईत शिकवलं. तेव्हापासून ते दर दोन-चार दिवसांनी मला फोटो पाठवायचे. तू रोज फोन करायचीस, मी करायचो नाही, म्हणून त्यांनी आपल्या परीनं वाटणी केली होती. बोलायचं तुझ्याशी आणि फोटो मला. पहिल्याच मेलमध्ये मला चौकट आणि फुली दिसली. कारणही त्याच क्षणी कळलं. एक फोन केला असता, अर्धा तास त्यांच्याबरोबर बसलो असतो, तर काम झालं असतं. पण बाबांना फोनवर काही समजवायचं म्हणजे ते आधी चष्मा शोधणार, मग वही शोधणार, मग प्रत्येक वाक्य लिहून घेणार. मी म्हटलं, रविवारी बघू. आणि उत्तर पाठवून दिलं, छान आलेत फोटो.

असे किती रविवार गेले ते मोजायची हिंमत नाही. दोन वर्षं झाली, ताई. एकदा मी जरा रंगवून लिहिलं, की रंग काय सुंदर आलेत. त्यांचं उत्तर आलं, नळ फुटून स्वयंपाकघरभर पाणी झालंय, त्यात तुला रंग कुठे दिसले? मी थट्टा केली असं सांगून वेळ मारून नेली. त्यांनाही ते पटलं. त्यानंतर मी शहाणा झालो. कसलंच नाव न घेता फक्त 'छान आलेत' लिहायचं, ते कुठेही खपतं. ऑफिसात मी अनोळखी माणसांच्या जाहिरातींतले फोटो दिसावेत म्हणून दिवस दिवस घालवत होतो आणि बाबांच्या चौकटी तशाच रिकाम्या ठेवत होतो.

मग तुझ्या वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, त्यांची मेल आली. ती मला पाठ आहे. "फोटो तीन आहेत. नीट बघ आणि तुला काय वाटतं ते कळव. ताईला पाठवलेले नाहीत." खाली तीन चौकटी, तीन फुल्या. मला वाटलं, तुझ्यासाठी गुपचूप काहीतरी बनवतायत. एखादं स्टूल, एखादी पेटी. समोर दोन माणसं तक्रारी घेऊन उभी होती. मी लिहिलं, "छान आलेत, बाबा. काळजी नको. ताईला सांगणार नाही." संध्याकाळी त्यांचं उत्तर आलं. "बरं. तू म्हणतोस तर ठीक."

पुढचं तुला माहीत आहे. पाच आठवड्यांनी शेजारच्या काकूंचा फोन आला, तू माझ्याआधी दवाखान्यात पोचलीस, आणि डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी आणलं असतं तर एका बोटावर निभावलं असतं. साखरेनं पायाची जाणीवच गेली होती, त्यामुळे दुखलं नाही. गुडघ्याखालचा पाय गेला. तू बाकावर बसून रडत होतीस आणि परत परत एकच विचारत होतीस, यांनी आपल्याला सांगितलं का नाही? तेव्हा मलाही खरोखर माहीत नव्हतं.

मला कळलं ते त्यांना तुझ्याकडे हलवताना. सामान आवरायला मी एकटाच गेलो होतो. कॉम्प्युटर उघडला तर सगळे फोटो तिथे होते, तारखा घालून ओळीनं लावलेले. फुटलेला नळ होता, आईची रिकामी खुर्ची होती, गच्चीतली त्यांची चप्पल. त्या मंगळवारचे तीन फोटो मी उघडले. अंगठ्याखालची तळव्याची जखम. चौतीस वर्षं लेथवर काम केलेला माणूस, त्यानं जखमेशेजारी स्टीलची पट्टी ठेवून फोटो काढला होता, मोजमाप कळावं म्हणून. पहिल्यात चार मिलिमीटर, दुसऱ्यात सात, तिसऱ्यात अकरा आणि कड काळी पडलेली. एवढं स्पष्ट कुणी कुणाला सांगत नाही.

मी तुला सांगितलं, कॉम्प्युटर बिघडला होता, भंगारात दिला. तेही खोटं. तो माझ्या कपाटात आहे. बाबांनी दोनदा विचारलं, आपले फोटो कुठे गेले रे? मी म्हटलं, बघतो.

गेल्या रविवारी तू फोनवर म्हणालीस की तू आता त्यांच्याशी कामापुरतंच बोलतेस, कारण ज्या बापानं पोटच्या मुलांपासून दुखणं लपवलं, त्याचं करताना तुझा हात जड होतो. तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, "जाऊ दे गं. चुकलं माझं." तीन महिने ते हे ऐकून घेतायत. त्यांना वाटतंय की मी जखम बघितली आणि काळजी नको म्हणालो. तरी त्यांनी एकदाही तुझ्याजवळ माझं नाव काढलं नाही. त्यांनी लपवलेलं नाही, ताई. त्यांनी मला दाखवलं होतं, मी बघितलं नाही, आणि हे तुला आज सांगतोय. शनिवारी सकाळी येतोय, कॉम्प्युटर घेऊन. बाबांना मीच सांगेन. मग तू मला घरात ठेव किंवा बाहेर काढ. पण हे पत्र वाचून झालं की आधी उठ आणि त्यांच्याजवळ जाऊन बस.

तुझाच,
ठोंब्या