मुमताजची ओटी

कुसगाव,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. आई,

पायांवर डोकं ठेवते. पाय मागे घेऊ नका.

इकडे सगळं ठीक. ह्यांचा खोकला गेला. तुमचं गवती चहाचं बेट मात्र वाळायला लागलंय. आई कधी येणार म्हणून हे रोज माझं डोकं खातात. मी सांगते, लोहगडवाडीला वन्संच्या हॉटेलात गर्दी आहे, भाकऱ्या थापायला माणूस पाहिजे. आग्र्याहून परतल्यावर तुम्हीच तसं सांगून स्टेशनावरून परस्पर लेकीकडे गेलात ना. फोन केला की वन्संच उचलतात, तुम्ही कायम चुलीपाशी. म्हणून पत्र. अक्षर ठसठशीत काढलंय, एकटीनं वाचा. वन्संच्या समीक्षाला वाचायला देऊ नका. तुमची नात तिखट आहे.

शाळेतून आग्र्याचे फोटो आले. एकाही फोटोत तुम्ही नाही.

आमच्या शिक्षकांच्या सहलीला तुम्ही यायचं म्हणालात तेव्हा मी कुरकुरले होते. तरी जायच्या आधी मेथी निवडताना ताजमहालाची गोष्ट मीच सांगितली. मुमताज चौदाव्या बाळंतपणात गेली, नवरा मागे राहिला. तुमचा हात थांबला. म्हणालात, "म्हंजी अहेव गेली की. माजी भैन भागू अशीच बाळंतपणात गेली. परत येऊ ने म्हनून लोकांनी तिच्या वाटंवर मोहऱ्या टाकल्या गं. वटीबी भरली न्हाई. आन् ह्या बाप्यानं बायकूसाठी बघ काय केलं." मी मान डोलावली आणि मेथी धुवायला गेले.

तिथं ताजसमोर माझी बाईगिरी सुरू झाली. संगमरवर मकराण्याचा. दगडात दगड बसवून फुलं केलीत, बोट फिरवलं तरी सांधा लागत नाही. मिनार मुद्दाम जरा बाहेर झुकवलेत, पडलेच तर कबरीवर पडू नयेत म्हणून. वरच्या कबरी नुसत्या दाखवायच्या, खऱ्या खाली तळघरात, अगदी साध्या. मुख्याध्यापक वा वा म्हणाले. मी फुगले.

घुमटाखाली, त्या संगमरवरी जाळीपाशी, तुम्ही पदराची गाठ सोडलीत. हिरवा खण, मूठभर तांदूळ. ते माझ्यापुढे धरून म्हणालात, "माजं कपाळ पांढरं, माजा हात न्हाई चालायचा. तू भर."

पहारेकरी धावत आला. "ये माताजी किसके साथ हैं?" मुख्याध्यापक वळून बघत होते. चैताली मॅडम ओठ दाबून हसत होत्या. आणि मी म्हटलं, "हमारे साथ नहीं हैं."

ह्यांना मी सांगितलं, हल्ली तिथं पूजाबिजा केली की भलताच अर्थ निघतो, बखेडा नको म्हणून गप्प बसले. खोटं आहे, आई. मी गप्प बसले नव्हते, आणि बखेडा तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हता. मला तुमच्या नऊवारीची लाज वाटली. मिशरी लावलेल्या दातांची, त्या पदराच्या गाठीची. मिनार कबरीवर पडू नयेत म्हणून काय काय केलं ते पोपटासारखं सांगितलं, आणि मीच तुमच्या अंगावर कोसळले.

तुम्ही खाली बसलात. त्या गडबडीत सांडलेले तांदूळ वेचलेत. परतताना गाडीत सगळ्यांना भाकरी वाटलीत, मलाही दिलीत. चार शिव्या दिल्या असत्यात तर तो घास तरी घशाखाली उतरला असता.

मी रविवारी येतेय. तो खण तुम्ही टाकला नसणार. भागुमावशींची ओटी मी भरते, त्यांच्या गावी, कुरवंड्यात, तुम्ही म्हणाल तिथं. भरू द्याल ना?

आणि वर लिहिलंय ते ऐकू नका. पत्र समीक्षाकडेच द्या. हॉटेलात गिऱ्हाईक बसलेलं असताना मोठ्यानं वाचू दे तिला. चारचौघांत नाकारलं आणि माफी कोपऱ्यात मागायची, हे बरं नाही.

मी दारात उभी राहिले आणि कुणी विचारलं, ही कुणाबरोबर आहे, तर काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी मुकाट ऐकेन.

तुमच्याच बरोबरची,
माधवी