चोराचं दुसरं दान

३ मार्च, मंगळवार
आजपासून फोरमवर वाद घालायचा नाही. ठरलं.

तोच दिवस, दुपारी ४
घालावा लागला. फोरमवरच्या आजच्या कॉमिक स्ट्रिपमध्ये गुहेतला चोर खड्ड्यात पडतो आणि म्हणतो, जुने नियम, एक दान हुकलं की खलास. साफ चूक. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही चौघं टेबलाभोवती फासे टाकत हाच गुहा-राक्षसांचा खेळ खेळायचो, प्रत्येकाचं एक पात्र. माझं पात्र चोरच होतं. पडला की दुसरं दान मिळायचं. तीसेक वेळा वाचला असेल. मी प्रेसमध्ये प्रुफं तपासतो, चूक नजरेतून सुटत नाही. चित्रकाराला कळवलं. सभ्य भाषेत.

५ मार्च, गुरुवार
चौदा जण विरुद्ध. 'कवटी७' नावाचा इसम म्हणतो, नियमाचं पान दाखवा. दाखवतो की! पुस्तक मास्तरकडे आहे. मास्तर म्हणजे आमचा खेळ चालवणारा. सगळे राक्षस त्याच्याच आवाजात बोलायचे. दीड वर्ष भेट नाही. फोन वहिनींनी उचलला. म्हणाल्या, या, पण लवकर या, हे तुमची फार आठवण काढतात. साहजिक आहे.

८ मार्च, रविवार
गेलो. पलंग पुढच्या खोलीत आणलाय. हवेशीर. मास्तरने वजन चांगलंच उतरवलंय, घड्याळ पार कोपरापर्यंत सरकतं. घरी येऊन हिला सांगितलं, असा निश्चय लागतो. ही ताट वाढता वाढता थांबली.
मास्तरला सगळा वाद समजावला, स्क्रीनशॉटसकट. हसला. मग बराच वेळ खोकला. म्हणाला, "पुस्तकाचं बघू रे. जरा बस ना."
बसलो. दहा मिनिटं. रविवारी बस कमी असतात. पुस्तक माळ्यावर होतं. वहिनींना शिडी लावायला सांगणं बरं दिसेना. भिडस्त स्वभाव. दारात त्या हळूच म्हणाल्या, पुढच्या रविवारपर्यंत थांबू नका. त्यांनाही माळा रिकामा करायची घाई दिसते.

११ मार्च, बुधवार
कवटी७ने माझ्या नावाने 'पान हरवले आहे' अशी जाहिरात करून टाकली. उत्तर लिहिण्यात दुपार गेली. तेवढ्यात डोळ्यांच्या दवाखान्याचं पत्रक 'डोके मोफत तपासून मिळतील' असं छापून गेलं. टाईप करणाऱ्या मुलीची चूक. मी फक्त सही केली.
उद्या मास्तरकडे. नक्की.

१३ मार्च, शुक्रवार
काल जमलं नाही. आज वहिनींचे दोन मिस्ड कॉल. पुस्तक सापडलं असणार. उलट फोन केला नाही. पान फोनवर ऐकण्यात मजा नाही. दिवसभर खिशातला फोन जड लागत होता. बॅटरी फुगली असावी.

१४ मार्च, शनिवार, सकाळ
तिसरा कॉल हिने घेतला. तीनदा नुसतं 'हो' म्हणाली. फोन ठेवून माझा शर्ट कपाटातून काढला. कुठे जायचंय, विचारलं.
"मास्तर गेले. पहाटे."
मी फोरमवर एक वाक्य लिहीत होतो. ते पूर्ण केलं. का, माहीत नाही.

२२ मार्च, रविवार
वहिनींनी पुस्तक दिलं. मी त्या रविवारी गेलो होतो, त्याच संध्याकाळी त्यांनी ते एकटीने उतरवलं होतं. मास्तरने हट्ट धरला होता, माझ्याबरोबर एक डाव टाकायचा म्हणून. फासे उशाशी ठेवून होता. ते दोन कॉल त्यासाठी.
पान एकेचाळीस. खड्ड्यात पडलेला मेला. दान एकच. प्रुफासारखं तीनदा वाचलं. मी म्हणालो, ही आवृत्ती वेगळी असेल.
"आवृत्ती हीच, भावजी," वहिनी म्हणाल्या. "पहिल्याच डावात तुमचा चोर पडला आणि तुम्ही चपला घालून निघालात. ह्यांनी जिन्यातून हाक मारली, अरे थांब, दुसरं दान असतं. मी नंतर विचारलं, खरंच असतं का? तर म्हणाले, नसतं, पण तो पुन्हा आला नसता."
पलंगाची जागा रिकामी होती. फरशीवर चार पायांचे ठसे. आज पाऊण तास बसलो.
घरी येऊन पानाचा फोटो फोरमवर टाकला. खाली लिहिलं, माझी चूक होती. कवटी७ने विचारलं, मग इतकी वर्षं तुम्हाला कोणी सांगितलं नाही?
लिहिलं, नाही सांगितलं.