पप्पांचं तारण आणि माझी खडकवासल्याची थाप

रवि. ३ फेब्रु. २००२

पकडला गेलो. चर्चमध्ये गीतांच्या नंबरांचा लाकडी बोर्ड असतो ना, काल लग्नाआधी त्यातले दोन आकडे बदलले, बस एवढंच. नवरी दारातून आत आली आणि सगळी मंडळी उभी राहून दफनाचं गीत गायला लागली. दोन कडवी झाली तरी कुणाच्या लक्षात नाही. माझ्या मते यात माझ्यापेक्षा मंडळीचा दोष जास्त.

शिक्षा: चार शनिवार तरुण संघाच्या प्रार्थनेला बसायचं. पाळकसाहेब (यापुढे पासा, हात दुखतो) म्हणाले, "शमुवेल, वय काय तुझं?" म्हटलं, वीस. "वाटत नाही."

मम्मी बोलत नाहीये. पप्पा हसले. त्यांना हसायला काय जातं, अकरा वर्षांत चर्चची पायरी चढले नाहीत.

मंगळ. ५

पप्पांचे रिपोर्ट आले. हृदयात तीन ठिकाणी ब्लॉक. बायपास, २७ तारखेला. डॉक्टर म्हणाले, काही विचारायचं असेल तर विचारा. मम्मीने डॉक्टरांना काहीच विचारलं नाही. रिक्षात बसल्यावर पप्पांना विचारलं, "आणि तारणाचं काय?"

तारण म्हणजे मेल्यावर आत्मा वाचणार की नाही. रिक्षावाला पण मागे वळून बघायला लागला.

येरवड्यापर्यंत तेच.

"मी कुणाचं वाईट केलेलं नाही. पुरे तेवढं."

"कर्मांनी कुणी तरत नाही. कृपेनेच तरतो माणूस. बायबलात स्पष्ट लिहिलंय."

"मग माझ्यावर कृपा कर आणि गप्प बस."

गुरु. ७

वैताग. दोघं एकाच खोलीत बसतात आणि "सॅम, तुझ्या पप्पांना सांग", "सॅम, मम्मीला सांग." मी काय पोस्टमन आहे?

मम्मीला भीती आहे ती मला कळते. ऑपरेशनमध्ये काही झालं तर पप्पा तसेच जाणार, आणि मग वर भेट नाही. ती रडत नाही, भांडी जोरात ठेवते.

पण पप्पांचं पण खोटं नाही. सुतार माणूस. दिवसा कॉम्प्युटर टेबलं करतात, सगळ्या पुण्याला आता कीबोर्डचा सरकता ट्रे पाहिजे. पण वस्तीत कुणी गेलं आणि घरात ऐपत नसली, की टेबल बाजूला ठेवून मयताची पेटी करायला घेतात. फुकट. कुठल्या चर्चचा ते विचारत नाहीत, फक्त उंची विचारतात.

अकरा वर्षांपूर्वी पप्पांचे दोस्त जोसेफकाका पिऊन पिऊन गेले. पेटी पप्पांचीच. तेव्हाचे पाळक त्या पेटीशेजारी उभं राहून म्हणाले, या माणसाचं तारण झालं असेल असं वाटत नाही. समोर जोसेफकाकांची बायको. पप्पा कबरस्तानातून घरी आले ते आलेच, परत चर्चला नाही. ते पाळक पण नंतर गेले. त्यांचीही पेटी पप्पांनीच केली. चांगली केली.

शनि. ९

तरुण संघ. अकरा जण, एक गिटार. गिटार लागलेली नाही.

प्रत्येकाने साक्ष द्यायची. म्हणजे आपण किती वाईट होतो आणि प्रभूने कसं वळवलं ते सांगायचं. एक जण म्हणे कॉलेजला दांडी मारून पिक्चर बघायचा. एकीला पूर्वी राग यायचा. हे काय पाप आहे? सगळे आमेन म्हणत होते. मग माझी पाळी. डोकं फिरलेलं होतंच.

म्हटलं, मागच्या वर्षी क्लास बुडवून खडकवासल्याला गेलो. पाय घसरला, पाणी डोक्यावरून गेलं, सगळं काळं झालं. तेवढ्यात आवाज आला, बायबलातल्या शमुवेलला देवाची हाक येते तसा, "शमुवेल! शमुवेल!" डोळे उघडले तर मी काठावर.

हसू येऊ नये म्हणून जीभ चावली. जोरात चावली गेली, डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं... सगळे रडायला लागले. गिटारवाला पण.

येताना सायकलवर एकटाच हसत होतो.

रवि. १०

आता हसू येत नाहीये. पासांनी उपदेशात, पुलपिटवरून सांगितलं. "आपल्या मंडळीतला एक हरवलेला तरुण." सगळे वळून बघतायत. मम्मीने बाहेर सगळ्यांसमोर जवळ घेतलं. दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच.

मंगळ. १२

पप्पांपर्यंत गेलं. मम्मीनेच सांगितलं असणार. रंधा मारत होते, थांबले.

"बुडत होतास?"

मी पायाने भुसा सरकवला.

"मला का नाही सांगितलंस?"

"जुनं झालं ते, पप्पा."

"आवाज आला?"

मान हलवली. हो अशी. का हलवली माहीत नाही. त्यांनी परत रंधा हातात घेतला, पण मारला नाही.

शुक्र. १५

मेलो. जेवताना पप्पा म्हणाले, "२४ तारखेला येतो चर्चला. प्रभुभोजन पण घेतो. पोराला ज्याने बाहेर काढलं, त्याला एकदा भेटायला तर पाहिजे."

मम्मी उठून आत गेली. बराच वेळ नळ चालू.

अकरा वर्षं पाच पाळकांना जे जमलं नाही ते माझ्या थापेने केलं.

वरच्या मजल्यावरच्या पवनला सगळं सांगितलं. तो यवतमाळचा, कॉल सेंटरला आहे, दिवसभर झोपलेला असतो. "मंग काऊन टेन्शन घेतो बे? बुढा चर्चमध्ये चालला, माय खुश. गप ऱ्हाय ना."

म्हटलं, उद्या ऑपरेशनच्या टेबलावर पप्पा गेले तर खोट्यावर जातील. तो म्हणाला, "खोटं तर तुयं आहे. त्याचं तर खरंच आहे ना?" आणि परत झोपला. असला मित्र.

सोम. १८

पासांकडे गेलो. सगळं सांगितलं. लुंगीवर बसले होते, चष्मा काढला, पुसला, परत पुसला.

"म्हणजे मी पुलपिटवरून थाप मारली."

"तुम्ही नाही, मी."

"लोकांनी माझ्या तोंडून ऐकली."

ओरडले असते तर बरं झालं असतं. मग मीच चिडलो. म्हटलं, मुळात हा घोळ तुमच्यामुळे. माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेट्या करतो, त्याला वर जायला अजून काय लागतं? त्या पेट्या धरायच्याच नाहीत का?

पासा म्हणाले, "धरू. किती झाल्या म्हणजे पुरे, तेवढं तू सांग. पन्नास? शंभर? आणि ज्याने एकही केली नाही, त्याचं काय करायचं? तुझं काय करायचं?"

शेवटच्या प्रश्नाचा जास्त राग आला.

"पप्पांना तू सांगतोस की मी?"

म्हटलं, मी.

शनि. २३

पाच दिवस लागले. आज सांगितलं, वर्कशॉपमध्ये. पप्पांना आता रंधा उचलायची मनाई आहे, नुसते बसलेले असतात.

"म्हणजे बुडाला नव्हतास?"

"नाही."

"पाण्यात उतरलाच नव्हतास?"

"काठावर कांदाभजी खाल्ली."

त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं, असं घट्ट. म्हणाले, "दहा दिवस झोप नाही मला. डोळे मिटले की तू पाण्याखाली." मग एक कानफटात दिली. पेशंट आहेत पण हात सुताराचा आहे.

मग म्हणाले, "आता उद्या कशाला जाऊ? पोरगा बुडाला नाही म्हणून?"

मी कान चोळत म्हटलं, "त्यासाठी पण जाता येतं."

त्यांनी विचारलं, मम्मीला सांगितलंस का. म्हटलं, नाही.

रवि. २४

आले. इस्त्रीचा शर्ट, शेवटचा बाक. मम्मी तीनदा वळून बघत होती.

प्रभुभोजनाला, म्हणजे भाकरी आणि द्राक्षरस घ्यायला, रांगेत गुडघे टेकले. मी, मध्ये दोन जण, मग पप्पा. मम्मी आधीच्या रांगेत घेऊन जागेवर गेली होती. पासा ताट घेऊन आले. पप्पा हळू आवाजात म्हणाले, "पाळकसाहेब, पोराची साक्ष खोटी आहे. मी तरी आलोय. चालेल का?"

पासांनी भाकरीचा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. बस. पुढे गेले.

मी डोळे मिटायचे असतात तरी बघत होतो. पप्पांनी मूठ मिटली. मूठ तोंडाकडे गेली नाही. शर्टाच्या खिशात गेली.

सोम. २५

शर्ट धुवायला घेतला आणि मम्मीला तुकडा सापडला. घरात भूकंप.

"हे घेतलं म्हणायचं का नाही?"

"हातात घेतलं."

"खाल्लं का नाही?"

"सॅमला विचार. त्याला तुला काहीतरी सांगायचंय. त्याने सांगितलं की खातो."

म्हणजे मला अडकवलं! पप्पांची कर्मं पुरत नाहीत, ठीक आहे. पण माझं एक कर्म झाल्याशिवाय पप्पांचं तारण नाही, हे कुठल्या बायबलात लिहिलंय? हे पासांना पण सांगता आलं नसतं.

मम्मी माझ्याकडे बघत होती. म्हटलं, क्लासला उशीर होतोय. क्लासला सुट्टी होती.

मंगळ. २६, हॉस्पिटल, संध्या.

पप्पा ॲडमिट. उद्या सकाळी आठला आत नेणार. सिस्टर सांगून गेली, रात्री आठनंतर पोटात काही जायला नको, पाणीसुद्धा. सहाला सांगितलं तिने.

मम्मीने तुकडा रुमालात बांधून आणलाय. दगड झालाय त्याचा. उशाशी धरून बसली होती.

सात वाजता सांगितलं. कॉरिडॉरमध्ये नाही, तिथेच, दोघांसमोर. खडकवासला, आवाज, जीभ, सगळं.

ऐकताना ती रुमालाची गाठ आवळत होती. म्हणाली, "मी देवाचे आभार मानले त्याचे. गुडघे टेकून. रोज." उठली आणि बाहेर गेली. रुमाल तिच्या मुठीतच.

आता साडेसात होऊन गेले. पप्पा दाराकडे बघतायत. मी मुद्दाम हे लिहीत बसलोय म्हणजे त्यांच्याकडे बघायला नको.

"सॅम."

"काय?"

"लिहितोस काय? जा, शोध तिला."

जातो.