दिवस बुडायच्या आत

अहो,

उभ्या जन्मात तुमचं नाव घेतलं नाही, आता कागदावरही घेणार नाही. अहो म्हटलं की तुम्हाला कळायचं, आताही कळेल असं धरून चालते. लिहायला बसले, कारण उद्या सकाळी तुमची मोटार केनवडला जाणार आहे. आता दुकान माणिकभाऊजीच पाहतात, त्यांनीच सौदा केला. तिथले एक पाटील तिचं इंजिन काढून पिठाच्या चक्कीला जोडणार म्हणे. तुमच्या लाडक्या मोटारीचं असं काही ठरावं आणि तुमच्या कानावरही जाऊ नये, हे मला बरं वाटेना.

खरं सांगू? थकले मी. तुम्ही दिवाळीनंतर गेलात, आता होळीही झाली. भेटायला येणारी माणसं थांबली, माझं रडणंही थांबलं, थकवा तेवढा जात नाही. सकाळी उठते तीच दमून उठते. सासूबाई म्हणतात, "सांजच्याले पोटात अन्न नाही, तं जीव थकन नाही तं काय व्हईन?" त्यांचं खरं आहे. पण ते पुढे सांगते. आधी मोटार. तुमचं नेहमी तसंच असायचं ना, आधी मोटार आणि मग बाकीचं जग!

आठवतं का, हे सगळं कुठून सुरू झालं? शिरपूरच्या देवळात तुम्ही नेम घेतलात. दिवस बुडाल्यावर अन्नपाणी नाही, आणि घराबाहेरचं तोंडात घालायचं नाही. आपलं घर जैनांचं, तसंही रात्री कोणी जेवत नव्हतं. पण तुम्ही वाशिमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये भागी घेतलीत आणि रोजची ये-जा सुरू झाली. दमणीला बैल कितीही चांगले जुंपले तरी आपलं मालेगाव येईपर्यंत दिवस बुडायचा. भाड्याची मोटार माणसं कोंबल्याशिवाय जागची हलायची नाही. तुम्ही आठवड्यातून चार दिवस उपाशी झोपायला लागलात.

त्यावर तुम्ही उपाय कोणता काढावा? शर्यतीची मोटार! अकोल्याचा कोणी साहेब विलायतेला परत निघाला होता, त्याची ती जुनी लाल गाडी तुम्ही घेऊन आलात. लांबच लांब नाक, त्यावर पट्टा आवळलेला, तारांची चाकं, डोक्यावर कापडी टप आणि बसायला जेमतेम दोन माणसांची जागा. सगळं गाव आपल्या दारात! मी दारामागून विचारलं, "दोन माणसं बसतात, पोतं एकही बसत नाही. हे दुकानदाराचं वाहन का?" तुम्ही हसून म्हणालात, "पोतं न्यायले नाही आणली. तुह्या हातची भाकर गाठाले आणली."

आता या बोलण्यावर बाईमाणसानं काय म्हणावं? मी परातीत पीठ घेतलं.

नव्याचे नऊ दिवस झाले. ते नऊ दिवस मात्र खरंच छान होते. उन्हं कौलांवर असतानाच तुम्ही दारात हजर! गावाजवळच्या नाल्याच्या उतारावर तुम्ही पेट्रोलवरचा पाय सैल सोडलात की गाडी मागून फाड् फाड् वाजायची. तो आवाज ऐकला की मी तवा चुलीवर ठेवायची. दोन भाकरी होईपर्यंत तुम्ही हातपाय धुऊन पाटावर. मला घड्याळ कळत नव्हतं असं नाही, पण घड्याळाकडे पाहायची गरजच राहिली नव्हती.

मग तिने आपले गुण दाखवले. म्हातारी शर्यतीची घोडी रोजच्या कामाला जुंपली तर ती काय करेल, तेच ती करू लागली. सकाळी हँडल मारून मारून तुमचा खांदा सुजायचा. एकदा हँडल उलटं फिरलं आणि मनगट लचकलं, तर तुम्ही मला सांगितलंत की दुकानाची पायरी चुकली! बाभळीच्या काट्यांना तर तिची चाकं फार आवडायची. चढ लागला की पाणी उकळायचं, उतार लागला की पेट्रोल यायचं बंद व्हायचं, आणि सपाट रस्त्यावर ती उगीचच थांबायची. पावसाळ्यात काळ्या चिखलात रुतली की पुढे सखारामचे बैल आणि मागे ढकलणारी माणसं.

सखारामचं वावर नाल्याकाठीच, त्यामुळे ती ओढून आणायचं काम त्याच्याकडेच लागलं. तो तुम्हाला काय म्हणायचा? "शेठजी, हे मोटार व्हय का नवरदेव? दरखेपी वरातच काढा लागते इची!" तुम्हाला कधी राग आला नाही. तुम्हीही त्याच्याबरोबर हसायचात. मला मात्र यायचा. कारण वरात दारात यायची ती दिवस बुडाल्यावर.

आणि तुमचे एकेक इलाज! पाण्याची टाकी गळायला लागली तेव्हा वाशिमच्या कोणा ड्रायव्हरनं सांगितलं, आत अंडं फोडून टाका, भोक बुजतं. तुम्ही कानांवर हात ठेवलेत आणि घरी येऊन मला विचारलंत, "अंड्यासारखं चिकट आपल्या घरात काय हाय?" मी उडदाचं पीठ दिलं. भोक बुजलं हो! पण पुढे कित्येक दिवस गाडी तापली की रस्ताभर पापडाचा वास सुटायचा. त्या टाकीत पाणीसुद्धा तुम्ही गाळून घालायचात. दुहेरी कापडानं गाळायचं आणि कापडावर राहिलेलं परत विहिरीत सोडायचं, जसं आपण प्यायच्या पाण्याचं करतो तसं. मी म्हटलं होतं, "आता तिलाही देवळात नेऊन नेम द्या." तुम्ही म्हणालात, "तिचा नेम तर माह्यापक्षा कडक हाय. मनात आलं का उपास!"

लढाई सुरू झाली, पेट्रोलला कुपनं आली, टायरट्यूब मिळेनाशा झाल्या. कोणी टायरात गवत भरायचं. तुम्ही काय भरलंत? रुई! कापसाच्या व्यापाऱ्याला दुसरं काय सुचणार! दोन दिवस मोठ्या दिमाखात फिरलात आणि तिसऱ्या दिवशी चालत्या चाकातून धूर निघायला लागला. सखारामनं घागरी ओतून विझवलं म्हणून बरं. जळक्या कापसाचा वास तुमच्या धोतराला धुतल्यावरही येत होता.

या सगळ्यात मी काय करत होते, कधी विचारलंत? मी उपाशी बसत होते. तुमच्या आधी मी कशी जेवणार? आणि दिवस बुडाल्यावर मलाही कुठे चालत होतं? गाडी वाटेत बसली की ताटं दोन रिकामी राहायची. दिवे लावून तुम्ही आलाही असतात, पण दिव्यावर किडे येऊन मरतात म्हणून तुम्ही तिचे दिवे कधी पेटवलेच नाहीत. सखारामचे बैल हाताशी नसले, तर जिथे दिवस बुडाला तिथल्या ओट्यावर पडून राहायचं आणि उजाडलं की यायचं. सकाळी आलात की तुमचं पहिलं वाक्य ठरलेलं, "तू जेवून घेत जाय ना! माह्यी वाट कायले पाह्यतं?"

दरवेळी म्हणायचात. दरवेळी मी मान हलवायची. आणि दरवेळी माझा कान नाल्याच्या उताराकडे.

आता त्या दिवसाचं सांगते. तुम्हाला त्यातलं अर्धं माहीत नाही.

कापसाचा हंगाम ऐन भरात होता. माणिकभाऊजी तुमच्याबरोबर गेले होते. मी गवारीच्या शेंगा मोडत बसले होते आणि उन्हं अजून अंगणातच होती, तेवढ्यात उतारावर फाड् फाड् आवाज झाला. इतक्या लवकर! मला किती आनंद झाला म्हणून सांगू. आज पोटभर, सावकाश जेवतील असं मनात आलं. मी तवा ठेवला. दुसरी भाकरी तव्यावर असतानाच मोटार दारात थांबली. एकच दार वाजलं. एकच माणूस उतरला, आणि तो तुम्ही नव्हतात.

बाजारात तुमच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेलं तोवर सगळं संपलं होतं. दोन माणसांच्या मोटारीत तुम्हाला निजवून कसं आणणार? म्हणून सरकी नेणाऱ्या लॉरीची सोय करून भाऊजी पुढे सांगायला आले. तुम्ही मागून लॉरीत आलात. तेव्हा दिवस बुडाला होता. ज्या दिव्यांवर किडे मरतात म्हणून तुम्ही अंधारात मोटार हाकली नाहीत, तसल्याच दिव्यांच्या उजेडात तुम्हाला दारात उतरवलं.

त्या दोन भाकरी सकाळी सासूबाईंनी सखारामच्या बैलांना घातल्या.

मोटारीचा मला जो राग आला, तो तुम्हाला सांगून कळणार नाही. इतकी वर्षं तिने आपल्याला उपाशी ठेवलं. एवढा जीव लावलात, पाणी गाळून पाजलंत, पण ती भरवशाची कधी झाली नाही. आणि ज्या दिवशी तिने वाटेत बसावं, मला आणखी घटकाभर सवाष्ण राहू द्यावं, त्याच दिवशी मेली वेळेत आली! भाऊजींचाही राग आला. का ते विचारू नका, रागाला कारण लागत नाही. त्यांनी मोटार गोठ्यात लावली, वर ताडपत्री टाकली, आणि तेव्हापासून आपल्या घरी पाणीसुद्धा घेतलं नाही. दुकानाचं काही विचारायला आले तर उंबऱ्याबाहेर उभे राहून विचारायचे. मीही आत या म्हटलं नाही.

आणि संध्याकाळचं जेवण सुटलं ते तेव्हापासून. उपास धरला नव्हता हो. उन्हं उतरली की पीठ घ्यायला हात जायचा, पण आवाज आल्याशिवाय तवा ठेवायची सवयच नाही. आवाज येत नाही. बसून राहते. मग दिवस बुडतो, आणि बुडाल्यावर जेवायचं नसतं. रोज असं. सासूबाईंनी समजावलं, रागावल्या, एकदा स्वतःही जेवल्या नाहीत. मला सगळं कळत होतं, पण घास काही हातात येत नव्हता.

काल केनवडचे पाटील मोटार पाहायला आले. इतके महिने ती नुसती उभी, सुरू व्हायची नाही असं सगळ्यांनाच वाटलं होतं. भाऊजींनी हँडल मारलं आणि दुसऱ्याच फेऱ्याला सुरू झाली! तुमच्या हाताला कधी दुसऱ्या फेऱ्याला लागली होती का? पाटलांना चालवून दाखवायला भाऊजी तिला वाशिमच्या रस्त्यानं घेऊन गेले. मी स्वयंपाकघरात होते. आणि थोड्या वेळानं नाल्याच्या उतारावर फाड् फाड्.

माझा हात मला विचारायला थांबला नाही. पीठ मळलं, तवा ठेवला, भाकरी थापली. दुसरी भाकरी फुगली तेव्हा मला भान आलं की मी काय करते आहे. मी तिथेच जमिनीवर बसले.

पाटील गेल्यावर भाऊजी किल्ली द्यायला आले आणि नेहमीसारखे उंबऱ्याबाहेर थांबले. आतून भाकरीचा वास येत होता, तो त्यांनाही कळला असणार. मग खाली पाहत म्हणाले, "वयनी, त्या दिवशी वाटेनं येताना मले वाटे, आता बंद पडन, मंग बंद पडन. म्या देवाले म्हटलं, आज तरी बंद पाड इले, म्हंजे मले घरी जाऊन सांगा लागनार नाही. एकडाव तरी बंद पडाले पायजे होती. नाही पडली."

म्हणजे मला जे वाटत होतं तेच त्यांनाही! आणि आम्ही दोघं इतके महिने उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे.

सासूबाई आतून म्हणाल्या, "सुभद्रे, भाकर गार होऊन राह्यली. दिवस हाय अजून. जेवून घे, माय."

मी दोन पानं मांडली. म्हटलं, "भाऊजी, आत या. एवढ्या मी एकटीनं संपवू का?" ते तुमच्या पाटावर बसले नाहीत, बाजूला जमिनीवरच बसले. तुरीचं वरण होतं, गवार होती. ते रडत जेवले, मी न रडता जेवले. भाकरी थोडी करपली होती. उन्हं तेव्हा समोरच्या भिंतीवर होती.

उद्या मोटार जाईल. तुम्हाला वाईट वाटेल, माहीत आहे. पण हौस तुमची होती आणि तुमच्याबरोबर गेली, मी तिची ताडपत्री किती दिवस झटकत बसू? तिचं इंजिन केनवडला बायाबापड्यांची ज्वारी दळेल, ते मला बरं वाटतं. शेवटी भाकरीच्याच कामी आली म्हणा. निघायच्या आधी टाकीत पाणी मी स्वतः घालणार आहे. गाळून घालीन, काळजी नको.

आणि एक वचन देते. लग्न झाल्यापासून तुमचं हे एवढं एकच सांगणं मी ऐकलं नव्हतं. उद्यापासून उतारावर कान देणार नाही. उन्हं भिंतीवर आली की तवा ठेवीन आणि दिवस बुडायच्या आत जेवून घेईन. माझी काळजी करत धावत येऊ नका. फार धावलात. आता सावकाश या.

तुमचीच,
सुभद्रा