तू बनवलेली गाडी

शाहूपुरी, कोल्हापूर

प्रिय राजवीर,

'प्रिय' हा शब्द लिहायला विद्याश्री तयार नव्हती. पेन खाली ठेवून बसली होती. मी म्हटलं, पत्र माझं आहे, तू फक्त लिही. तेव्हा कुठे लिहिला. माझा उजवा हात अजून प्लास्टरमध्ये आहे आणि बोटं पुढे कितपत चालतील हे डॉक्टर नीट सांगत नाहीत, म्हणून अक्षर तिचं. तीही एका डोळ्यानं लिहितेय. ओळी वरखाली गेल्या तर समजून घे. तू फोन बंद ठेवलास, ताराबाई पार्कातल्या घराला कुलूप आहे, म्हणजे बेळगावला ताईंकडेच असशील असं धरून तिथं पाठवतोय. आमच्यावर हल्ला झाला ते पेपरात आलं होतं, तू वाचलं असणार. पण पेपरात आलं ते अर्धवट आलं. ते सगळं तुला माझ्याकडून कळावं असं वाटतं.

अंबादास मिस्त्रीच्या गॅरेजात आपण किती रविवार काढले, आठवतंय का? माझी जुनी चंदेरी गाडी उद्यमनगरात त्याच्या शेडमध्ये कायम जॅकवर. आधी ब्रेक मोठे केले, मग सस्पेन्शन, मग सायलेन्सर. इंजिनाची ताकद वाढवली की क्लच घसरायचा, क्लच बदलला की गिअरबॉक्स ओरडायचा. एक काम संपलं की त्यातूनच दुसरं निघायचं. तू रिकाम्या टायरवर बसून चहा पीत हसायचास. म्हणायचास, "प्रभ्या, तुझी गाडी रस्त्यावर कमी आणि जॅकवर जास्त असती की." आणि तुझी ती पिवळी, दोन दारांची, बेंगळुरूहून एका दमात बनवून आणलेली. मागे काळा पंख, रुंद टायर, रस्त्याला टेकलेलं पोट. तू ती सुरू केलीस की शेडचे पत्रे थरथरायचे आणि समोरच्या लेथवरची माणसं काम सोडून बाहेर यायची. मला हेवा वाटायचा, ते तुला ठाऊक होतं.

दिवाळी झाली आणि तू एकदम म्हणालास, घेतोस का माझी? मी थट्टा समजलो. तू म्हणालास, हौस फिटली, आता मोठी घरची गाडी घेणार. पुढचा बंपर नवाकोरा होता, कार्बन फायबरचा. जाता जाता तुझ्यासाठी एक शेवटचं अपग्रेड, असं म्हणालास तू. मी तुला तिथंच मिठी मारली होती. तरी मी बरेच दिवस ते मनात घोळवत होतो. आपली गाडी आपण एकेक पार्ट जोडून करायची की दुसऱ्यानं केलेली तयार घ्यायची, हा वाद आपण तिघांनी त्या शेडमध्ये किती घातला. शेवटी अंबादासच म्हणाला, "मालक, आपली आपण केली तर कुठं काय लावलंय त्ये ठाव असतंय, ही गोष्ट खरी. पर तुमच्याच्यानं ती पुरी हुयाची न्हाय. तयार घ्या आन् फिरवा." हल्ल्यानंतर तो रोज दवाखान्यात येऊन बसायचा आणि मान वर करून माझ्याकडे बघायचा नाही. मी त्याला सांगितलं, तुझी चूक काही नव्हती. त्याला पटत नाही.

गाडी घरी आली तरी बरेच दिवस ती तुझीच वाटायची. क्लच तुझ्या पायाला बेतलेला, सीट तुझ्या उंचीची, स्टिअरिंगवर तुझा हात जिथं असायचा तिथं चामडं गुळगुळीत झालेलं. मी लोकांना खोटं सांगायला लागलो. पेट्रोल पंपावर, सिग्नलला, कुणी काच खाली करून विचारलं की कुणी केली ओ गाडी, तर मी म्हणायचो, मीच. विद्याश्री शेजारी असली तर खिडकीबाहेर बघायची.

गाडी देताना तू मला एकच गोष्ट बजावली होतीस. रत्नागिरी रस्त्याला नेऊ नको, मलकापूरकडं काम चालू आहे, गाडी खाली आहे, पोट घासंल. मी मार्चपर्यंत नेली नाही. मग रस्ता झकास झाला असं ऐकलं. विद्याश्री म्हणाली, एकदा तरी तुमच्या या सवतीत बसून आंबा घाट दाखवा. रविवारी जेवण लवकर उरकून निघालो. बांबवड्यापर्यंत गाडी अशी चालली की विद्याश्रीसुद्धा दोनदा हसली. मलकापूर जवळ आलं तेव्हा एका टपरीवर चहाला थांबलो.

टपरीवाला गाडीकडे बघत राहिला. मग तो मागे गेला आणि फोनवर बोलायला लागला. मला वाटलं, गाडी बघायला पोरांना बोलावतोय. माणसं जमायला लागली. पाच, मग दहा, मग रस्त्याच्या पलीकडेही. एकानंही फोटो काढला नाही. आणि मी काय केलं असेल, राजवीर? मी गाडीत बसून त्यांना आवाज ऐकवला. ॲक्सिलरेटर दाबला, सोडला, परत दाबला.

एक जीप गाडीच्या नाकाला येऊन टेकली. त्यातून एक वयस्क गृहस्थ उतरले, पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल. त्यांचं नाव गणपतराव, हे मला नंतर कळलं. त्यांनी वाकून हळू आवाजात विचारलं, "गाडी कुणाची हाय, पावणं?" मी म्हटलं, "माझी." ते म्हणाले, "लई भारी केलीया. कुणी केली?" मी म्हटलं, "मीच. सुरुवातीपासून एकेक पार्ट मी लावलाय." त्यांनी मागं वळून नुसती मान हलवली.

पहिला घाव काचेवर बसला. जीपमधून आणखी दोघं उतरले होते, गणपतरावांचे पुतणे. एकाकडे ऊस तोडायचा कोयता, दुसऱ्याकडे, विजयसिंहाकडे, पहार. समोरची काच आत आली ती सगळी शेजारी बसलेल्या विद्याश्रीच्या तोंडावर. ती ओरडली नाही, तिनं फक्त दोन्ही हात डोळ्यांवर ठेवले आणि बोटांमधून रक्त यायला लागलं. मला कॉलर धरून खिडकीतून ओढलं. दार उघडायचीही त्यांनी वाट बघितली नाही. डांबर तापलं होतं. कुणी मानेवर गुडघा ठेवला, कुणी बरगडीत लाथा घातल्या. मी विचारत होतो, काय झालं, काय केलंय मी. विजयसिंह म्हणाला, "हा हात हुता न्हवं स्टिअरिंगवर?" आणि माझा उजवा हात रस्त्यावर पसरून धरला. पहार वरून खाली आली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. परत वर गेली, परत खाली आली. त्यानंतरचं मोजायचं भान मला नव्हतं. विद्याश्री काहीही दिसत नसताना चाचपडत आली आणि माझ्यावर आडवी पडली. तिच्या पाठीतही एक लाथ बसली. ती म्हणत होती, "अहो, सोडा, चुकताय तुम्ही." मग त्यांनी गाडीवर पेट्रोल टाकलं. त्या पिवळ्या रंगाला फोड येताना मी रस्त्यावर पडल्या पडल्या बघत होतो. एक टायर फुटला तेव्हा जमलेली माणसं मागे सरली, एवढीच काय ती तिथं हालचाल.

आणि मग टपरीवाला पुढे आला. माझ्या तोंडाकडे त्यानं तेव्हा पहिल्यांदा बघितलं. म्हणाला, "गणपतराव, ह्यो न्हवं. त्यो उंचापुरा हुता, दाढीवाला. आज मी गाडीच बघितली, माणूस बघितलाच न्हाय." गणपतराव तसेच उभे राहिले. मग खाली बसले, खांद्यावरचा टॉवेल फाडला आणि विद्याश्रीच्या डोळ्याला बांधला. दोन्ही पुतणे शेतातनं पळाले. गणपतरावांनी स्वतः आम्हाला जीपमध्ये घातलं, दवाखान्यात नेलं आणि पोलीस येईपर्यंत पायरीवर बसून राहिले. वाटेत मी विचारलं, कोण होता तो? त्यांनी सांगितलं. धैर्यशील, त्यांचा एकुलता एक मुलगा. नवरात्रात डेअरीला दूध घालून मोटरसायकलवरून परत येत होता. भर सकाळी मागून एक पिवळी गाडी आली आणि त्याला उडवून गेली. गेली म्हणजे, आधी थांबली. ड्रायव्हर उतरला, पडलेल्या पोराजवळ जाऊन बघितलं, परत गाडीत बसला आणि गेला. नंबर प्लेटवर काळी फिल्म होती. टपरीवाल्याच्या ध्यानात पिवळा रंग, काळा पंख आणि तो आवाज राहिला. पोर दुपारपर्यंत जिवंत होतं.

मी तरीही मानायला तयार नव्हतो. पिवळ्या गाड्या काय एकच असतात, असं दवाखान्यात मी विद्याश्रीला म्हणालो. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं, आणि त्या डोळ्यानं काही दिसणार नाही हे तिला तोवर सांगितलेलं होतं. मग अंबादास पोलीस ठाण्याच्या आवारात जळका सांगाडा बघून आला. तुझा तो कार्बन फायबरचा बंपर जळून गेला होता आणि मागचं लोखंड उघडं पडलं होतं. तो म्हणाला, "मालक, आतला बार वाकलेला. गरम करून, ठोकून सरळ केलाय. वेल्डिंग जुनं हाय, वर गंज हाय." त्याच्याकडे तू ते काम नेलं नाहीस, कारण बार कशानं वाकला हे त्यानं विचारलं असतं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. मनातल्या मनात तुला किती प्रकारांनी मारलं ते सांगत नाही. एकदा तर पहार माझ्याच हातात होती आणि हात धडधाकट होता. मला कळेना की तुला राग येऊन मारावं की नुसतं विचारावं, रत्नागिरी रस्त्याला नेऊ नको म्हणालास तेव्हा तुझ्या डोळ्यांपुढं मी होतो की तू? गाडी रंगवली असतीस, पंख काढला असतास, तर मी निदान सुखरूप हिंडलो असतो. तेवढंही तुला जमलं नाही, कारण बदल केला की कुणीतरी का म्हणून विचारलं असतं. त्यापेक्षा गाडी जशी होती तशी मित्राला दिली.

पोलिसांनी विचारलं, आधीचा मालक कोण. कागदांवरून आज ना उद्या ते तुझ्यापर्यंत पोचतीलच. मी मात्र म्हणालो, औषधांनी डोकं जड आहे, सोमवारी जबाब देतो. का म्हणालो ते माझं मलाच सांगता येत नाही. कॉलेजात माझ्या आप्पांना झटका आला तेव्हा तू त्यांना पाठीवर घेऊन जिना उतरला होतास. ते अजून जिवंत आहेत, सकाळी गुळाच्या अडतीवर जाऊन बसतात आणि विचारतात, राजवीर बघायला कसा नाही आला. मी काय सांगू त्यांना?

आता हे पत्र का, ते सांगतो. काल गणपतरावांची बायको आमच्या घरी आली. नवरा तुरुंगात, मुलगा गेलेला. खुर्चीवर बसली नाही, उंबऱ्याशीच बसली. विद्याश्रीच्या तोंडाकडे बघून तिनं आधी माफी मागितली. मग म्हणाली, "बाई, माझ्या लेकराला कुणी मारलं, तेवढं सांगा. मग मी जाती." मी मान खाली घातली. विद्याश्रीनं मान खाली घातली नाही. तिनं तुझं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, ताराबाई पार्कातलं घर सांगितलं. ती बाई गेली तेव्हा मी गॅलरीतून बघितलं. खाली गल्लीत मोटरसायकलवर जो तिची वाट बघत होता, तो विजयसिंह. पोलिसांना तो अजून सापडलेला नाही. मी फोन करून कळवलं, पण ते येईपर्यंत तो गेला होता. बेळगावचा पत्ता विद्याश्रीलाही ठाऊक आहे. तो तिनं दिलेला नाही. पुढे देणार नाही असं मात्र ती म्हणत नाही, आणि हे वाक्यही तिनं न अडखळता लिहिलं आहे. सोमवारी मी शाहूवाडीच्या पोलीस ठाण्यात जाऊन सगळं सांगणार आहे, ते आता टळत नाही. त्याआधी तू जा. वकील घेऊन जा, ताईंना बरोबर घेऊन जा, पण दिवसाढवळ्या जा आणि ठाण्याच्या आत जाऊन बस. बाहेर गाठलं तर विजयसिंह आणि तो दुसरा तुला पोलिसांच्या हाती देणार नाहीत, राजवीर. मी त्यांच्या हाताखाली होतो, मला माहीत आहे.

अजून तरी तुझाच,
प्रभुलिंग