आग्रह करू नये

१० जानेवारी १९३८, सोमवार. अकोला.

ही वही फक्त नोंदीसाठी. भावना लिहायच्या नाहीत.

लेडी डॉक्टर गोदावरीबाई आज आमच्या शिशुकल्याण केंद्राच्या तपासणीला आल्या. रजिस्टर चोख, बाळांची वजने चोख. मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. म्हणाल्या, हेल्थ व्हिजिटरच खारकेसारखी दिसत असेल तर आया तिचे काय म्हणून ऐकतील. नोकरी कायम व्हायला मेडिकल सर्टिफिकेट लागते. माझ्या उंचीला पंच्याण्णव पौंड हवेत. मुदत २८ फेब्रुवारी. तोवर भरले नाहीत तर ट्रेनिंग गुंडाळून अमरावतीला, दादांच्या म्हणजे वडिलांच्या घरी.

केंद्रातला काटा बाळांचा आहे. म्हणून स्टेशनात जाऊन पार्सलच्या काट्यावर उभी राहिले. एक मण दोन शेर, म्हणजे ८६ पौंड ६ औंस. पार्सलबाबू महादेवराव म्हणाले, बाई, संत्र्याची करंडी याहून भारी भरते. दर सोमवारी येईन असे त्यांना सांगितले.

सात आठवडे, दर आठवड्याला सव्वा पौंड. साधे गणित आहे.

११ जानेवारी, सकाळी ७.

तक्ता भिंतीवर लावला. रोज २४०० कॅलरी. आजपासून.

तोच दिवस, दुपारी १.

अर्धी भाकरी, दोन चमचे वांग्याची भाजी. भाकरी जाड होती. मी जिच्याकडे राहते-जेवते ती माणिकबाई ताट पुढ्यात आपटते आणि मळ्यात निघून जाते. म्हणते, जेवा, नाही तं म्हशीले चालते.

आज म्हशीला चालले. उद्यापासून.

१७ जानेवारी, सोमवार.

एक मण दीड शेर. ८५ पौंड ६ औंस. गेल्या वेळी पायात बूट होते, आज चपला. मूळ आकडाच चुकीचा होता. प्रत्यक्षात वजन स्थिर आहे.

माणिकबाईने आज विचारले, जेवताना घडीघडी दाराकडे काहून पाहता, कोणी येऊन राहिलं का. वारा येतो, असे सांगितले. तिने दार लावून घेतले. त्यानंतर दोन घास कमीच गेले. खोलीत हवा हवी.

२० जानेवारी, गुरुवार.

केस क्र. ४१. पार्बताबाईची मुलगी वच्छला, वय तीन. जेवत नाही. आई ताट घेऊन तास-तास मागे फिरते, हातापाया पडते, मग मुलगी एक घास घेते. पार्बताबाईला म्हटले, फिरणे बंद. वाढा, वीस मिनिटांनी उचला, एक शब्द बोलू नका. ती म्हणाली, बाई, घरात सहा लेकरं हायत. हे एकच असं. हिले जेवण नाही पायजे, मी समोर बसलेली पायजे.

अशास्त्रीय. तरी रजिस्टरात टिपून ठेवले.

२१ जानेवारी.

आईचे पत्र. वेळेवर जेवतेस ना, एवढाच मजकूर तीन प्रकारे.

लहानपणाची नोंद, केवळ तुलनेसाठी: आम्ही सहा भावंडे. त्यात आजी, आत्या, दादांचे अशील. आई कुणाजवळ पाच मिनिटे टेकत नसे. माझ्याजवळ मात्र रोज तासभर बसे, कारण मी जेवत नसे. चारू, एवढा एक घे. बरं, अर्धा घे. नागपूरला होस्टेलात नऊ पौंड उतरले ते अभ्यासामुळे.

केस ४१ शी काही संबंध नाही.

२९ जानेवारी, शनिवार.

केस ४१ यशस्वी. दोन दिवस वच्छला रडली, तिसऱ्या दिवशी स्वतः भाकरी मागितली. पार्बताबाईने मेथीची जुडी आणून दिली. पद्धत सिद्ध झाली. यावर पत्रक काढणार.

३१ जानेवारी, सोमवार.

पत्रकाच्या गडबडीत स्टेशनवर जायचे राहिले. जेवायचेही.

७ फेब्रुवारी, सोमवार.

पत्रक छापून आले. मथळा: मूल जेवत नाही? कलम १, एकदाच वाढावे. २, नको म्हटल्यास भांडे झाकावे. ३, वीस मिनिटांनी ताट उचलावे. ४, जवळ बसून राहू नये. ५, आग्रह करू नये. अपवाद नाही. एक प्रत आईला पाठवली. चोवीस वर्षे तिचे काय चुकले ते तिला कळावे, एवढाच हेतू.

एक मण एक शेर. महादेवरावांनी यावेळी थट्टा केली नाही. बसा म्हणाले, चहा मागवतो. काट्याची तक्रार करायला हवी.

१९ फेब्रुवारी, शनिवार.

आई आली. बडनेऱ्याला गाडी बदलून, एकटी, सोबत डब्यांची पिशवी. माणिकबाईने परस्पर कार्ड टाकले होते. पोरगी वाळून राहिली, लवकर या. अगोचरपणा आहे. पण नऊ दिवस हाताशी आहेत आणि आई आल्यावर जेवण जाणारच, नाही म्हटले तरी ती सोडत नाही. हा भाग हिशेबात धरून नवा तक्ता केला. रोज सव्वा पौंड वाढ. अवघड, अशक्य नाही.

२० फेब्रुवारी.

गोळाभात. वर हिंगाची फोडणी. आईने एकदा वाढले. आणखी वाढू का, म्हणाली. मी नको म्हणाले, म्हणतात तसे. तिने भांडे झाकले.

प्रवासाचा शीण असावा.

२१ फेब्रुवारी, सोमवार.

तीन घास घेऊन थांबले होते. चावत होते. आईने दादांचे घड्याळ आणले आहे. वीस मिनिटे झाली आणि ताट उचलले. एक शब्द बोलली नाही.

वजन केले नाही.

२३ फेब्रुवारी.

आई जवळ बसत नाही. आज मला वाढून ती परसात माणिकबाईपाशी जेवायला बसली. आमच्या घरी सगळ्यांचे झाल्यावर आई उरलेले खाते. तिला माझ्याआधी जेवताना मी कधीच पाहिले नव्हते. दोन भाकरी खाल्ल्या. हसत होती. माणिकबाई तिला म्हणत होती, वैनी, अजून एक घ्या, अशा कशा लाजता. तिने घेतली.

माझे वरण निवले.

२५ फेब्रुवारी.

आईला सहज म्हटले की पत्रक तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी आहे, आणि शास्त्रात थोडी ढील ठेवावी लागते. तिने चष्मा लावून पत्रक पाहिले. म्हणाली, इथं तर अपवाद नाही म्हणून छापलंय. शिकलेली तू, मी आपली करून राहिले तू सांगितलंस तसं. चोवीस वर्षं चुकलंच माझं.

हे शेवटचे वाक्य ती सुपारी कातरत म्हणाली, माझ्याकडे न पाहता.

पद्धत बरोबर आहे. वच्छलाच्या बाबतीत तीन दिवस लागले होते. माझे सहा झाले.

२८ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १२.

गोदावरीबाईंच्या दवाखान्यातल्या काट्यावर ८४. खिशात किल्ल्या होत्या, ते मी सांगितले नाही. सर्टिफिकेट नाही. तीन महिन्यांची मुदतवाढ, शेवटची. त्यांनी विचारले, दुखते काय. काही नाही म्हटले. मग जेवत का नाही. याचे उत्तर फॉर्मात लिहायला जागा होती. कोरी सोडली.

तोच दिवस, दुपारी २.

आईची गाडी चारला. भाकरी, पातोड्यांचा रस्सा. तिने वाढले, भांडे झाकले आणि उठू लागली. मी म्हटले, बस. ती बसली. मग मी म्हटले की प्रयोग म्हणून, आजच्यापुरता, थोडा आग्रह कर.

आईने विचारले, किती वेळा.

तीनदा, म्हटले.

तिने तीनदा केला, मोजून. दोनदा मी नको म्हणाले.